चार घरचं विरजण

मला काही जणांचे आभार मानायचे आहेत, आणि पंचाईत अशी की त्यांतला पहिला चोर आहे. तो कुठल्या देशातला, बाई की बाप्या, की कुणीतरी लिहून मोकाट सोडलेला नुसता प्रोग्रॅम, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. २०४१ च्या एप्रिलात, भर दुपारी तो आमच्या बोळात शिरला. आपण मिरजेत आलोय हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

आमचा बोळ म्हणजे सतारी करणाऱ्यांच्या गल्लीला मागून चिकटलेली चार घरं. पहिलं एस्तर मावशीचं. मावशी हॉस्पिटलात चौतीस वर्षं नर्स होती, त्यातली शेवटची बारा हेड सिस्टर. आता वय अठ्ठ्याहत्तर, फुप्फुसं सुकत चाललेली आणि नाकाला सतत ऑक्सिजनची नळी. दुसरं घर दिलावरचाचांचं. ते सतारी करतात, म्हणजे भोपळे वाळवतात, तारा चढवतात आणि उरलेल्या वेळात लोकांना बेसूर बोलल्याबद्दल टोकतात. तिसरं मगदूम वहिनींचं. चौथं माझं. मी राजश्री लोहार, बोळात राजी. जळलेल्या मोटारी पुन्हा गुंडाळून देते. पंप, पंखे, मिक्सर, काय येईल ते. नवरा ट्रकवर असतो, महिन्यातले बारा दिवस घरी. मुलगी हुबळीत शिकते.

बारावीला नापास झाले तेव्हा मी वाइंडिंगच्या दुकानात तांब्याची तार गुंडाळायला बसले. मावशी त्या वेळी हॉस्पिटलातली भंगारात निघालेली मशिनं पिशवीत घालून माझ्याकडं आणायची. "उघडून बघ की गं. मेलेल्याला आणखी काय मारशील?" हेच माझं कॉलेज. पुढं मोटारींच्या पोटात संगणक आले, तेव्हा फोनवर फुकटचे धडे बघून बघून तेही शिकले. कळेना तेव्हा रडले, आणि रडून झाल्यावर पुन्हा बघितले.

मावशीच्या दारामागं एक खिळा आहे. पूर्वी चारही घरांच्या किल्ल्या त्यावर असायच्या. कुणाचा गॅस चालू राहिला, कुणाचे पाहुणे लवकर आले, की मावशीकडून किल्ली घ्यायची आणि खुशाल आत जायचं. मग दारं बोट लावून उघडायला लागली, फ्रिज दूध संपल्याचं सांगायला लागला, पंप टाकी भरली की आपला आपण बंद व्हायला लागला. खिळा रिकामा झाला. मावशीला ते लागायचं. "आता किल्ली मागायला कुणी येत नाही गं," म्हणायची.

म्हणून मी एक शहाणपणा केला. चारही घरांतल्या झाडून सगळ्या यंत्रांना एकच गुप्त आकडा देऊन टाकला. कुणीही कुणाचा गिझर बंद करावा, कुणीही कुणाचा पंप लावावा. खिळाच तो, फक्त हवेतला. आकडा कुणी विसरू नये म्हणून आमच्या बोअरला पाणी लागलं त्या दिवसाची तारीख ठेवली. त्या दिवशी आम्ही दरवर्षी बोअरला नारळ फोडतो, शिरा करतो, फोटो काढतो आणि अख्ख्या जगाला दिसेल असा टाकतो. खाली तारीख लिहून.

त्या दुपारी मी एका पंपाची जळकी गुंडाळी उचकटत बसले होते. दिलावरचाचा दारात उभे. हातात कानस.

"राजी, मावशीचं मशीन बेताल झालंय."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, म्हणजे! ते फुस्स फुस्स करतं ना? दोन वर्षं भिंतीपलीकडनं ऐकतोय. त्याच्यावर ठेका धरून कानस चालवतो मी. आज सम मागं मागं पडतीय."

चाचांच्या कानाबद्दल बोळात कुणी वाद घालत नाही. आम्ही दोघं गेलो. मावशी खुर्चीत डोळे मिटून बसली होती. दुपारी झोपणाऱ्या बायकांना आयुष्यभर नावं ठेवलेली बाई. मशीनच्या पडद्यावर सगळं हिरवं होतं. ऑक्सिजन त्र्याण्णव टक्के. स्थिती उत्तम.

"मावशी, बरं वाटतंय ना?"

"वाटतंय की. जरा पेंग येतीय."

कोण जाणे किती हजार पेशंटांचे हात जसे उलटे करून बघितले असतील, तसा तिनं स्वतःचा हात उलटा करून बघितला.

"राजी, नखं बघ माझी."

जांभळाचा रस लागल्यासारखी निळसर होती.

"पण हे तर उत्तम म्हणतंय, मावशी."

"त्याला म्हणू दे. नखाला कुणी खोटं शिकवायला जात नाही. दाराआड छोटा सिलिंडर आहे, तो लाव आधी. चाळीस मिनिटं जाईल."

चाळीस मिनिटं. मी कंपनीला फोन लावला. मधासारखा आवाज आला, "आपलं यंत्र आमच्या नोंदीनुसार उत्तम स्थितीत आहे. आणखी काही मदत करू का?" हॉस्पिटलात लावला. तिथं माणूस बोलला, पण तो रडवेला झाला होता. सकाळपासून शहरभरातून असेच फोन. गाडी येईल, पण अडीच तास तरी लागतील.

हे मशीन करतं काय, ते इथं सांगायला हवं. ते ऑक्सिजन बनवत नाही, गाळतं. आपल्या हवेत पाचातला एक भाग ऑक्सिजन, बाकी जवळजवळ सगळा नायट्रोजन. मशिनात दोन नळकांडी असतात, त्यांत साबुदाण्याहून बारीक पांढरे दाणे. दाबानं हवा आत सोडली की दाणे नायट्रोजनला धरून ठेवतात आणि ऑक्सिजनला पुढं जाऊ देतात. काही सेकंदांत दाण्यांचं पोट भरतं. बरोबर त्या घडीला झडप पलटायची, हवा दुसऱ्या नळकांड्यात वळवायची आणि पहिल्यानं धरलेला नायट्रोजन बाहेर फेकायचा. चाचांचा फुस्स तो हाच, साडेपाच सेकंदांनी एक. झडपेला उशीर झाला की पोट भरलेले दाणे कुणालाच अडवत नाहीत. मग नळीतून येते ती जवळपास आपली साधी हवा.

झडप कधी पलटायची हे ठरवतो एक नखाएवढा संगणक, आणि चोर त्यात जाऊन बसला होता. त्याला मावशीला मारायचं नव्हतं. जगभरातले लाखो फ्रिज, पंखे, कुलपं पकडायची, त्यांची फौज करायची आणि ती एकदम कुणावर तरी धाडायची, एवढंच त्याचं काम. फौजेतला एक शिपाई एका म्हातारीच्या नाकाला जोडलेला आहे, हे बघायला त्याला सवड नव्हती. त्याची कामं उपसता उपसता संगणक दमला, झडपेला उशीर व्हायला लागला आणि पडद्यावरचा आकडा सकाळी होता तिथंच गोठून राहिला. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, तरी तेच. त्याच्या आठवणीतच चोर. मशीनच्या प्रोग्रॅमची खरी प्रत मागायला जावं, तर कंपनीचं दार याच फौजेनं तुंबवलेलं.

मावशी सिलिंडरच्या काट्याकडं बघत म्हणाली, "उघडून बघ की गं."

"मावशी, हे मेलेलं नाही. जिवंत आहे."

"मग मारू नको. उघड."

मी संगणकच उपटून बाजूला ठेवला. हवेचा पंप सरळ विजेवर जोडला. राहिली झडप. खोक्यात जिन्याचं बटण पडलं होतं, वर केलं की वीज एका तारेत, खाली केलं की दुसरीत. त्या दोन तारा झडपेच्या दोन बाजूंना बांधल्या. आता फक्त कुणीतरी बसून दर साडेपाच सेकंदांनी बटण वर-खाली करत राहायचं होतं.

"मोजायचं कसं? घड्याळ बघू की बटण बघू?"

चाचा जमिनीवर मांडी घालून बसले. "तू बटण बघ. मोजतो मी." आणि मशीनच्या झाकणावर कानशीच्या मुठीनं ठेका धरला. सोळा ठोके, सोळाव्यानंतर जोरात "हां!" त्या "हां" वर मी बटण मारायची. फुस्स. हां. फुस्स. सिलिंडर संपायला सहा मिनिटं राहिली होती तेव्हा मावशीची नळी मी मशीनला लावली, आणि आम्ही तिघं तिच्या नखांकडं बघत बसलो.

थोड्या वेळानं मगदूम वहिनी आल्या. केसांत जाळी, पदर खोचलेला.

"अगं राजी, माझं दार उघडंना, फ्रिज तापलाय, टाकी रिकामी आणि पंप नुसता ओरडतोय. खिडकीतनं उतरले मी, या वयात! समोरचा टेलर बघत होता मेला." मग त्यांचं लक्ष मावशीकडं गेलं. माझ्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "सरक. आता माझा हात."

दोन तास दहा मिनिटं आम्ही आळीपाळीनं बटण मारलं. चाचांचा ठेका एकदाही हलला नाही. मध्ये त्यांना खोकला आला, तर खोकलाही त्यांनी तालात बसवला. मावशीची नखं हळूहळू गुलाबी झाली. हॉस्पिटलची गाडी आली, मोठा सिलिंडर लागला, तेव्हा मावशी म्हणाली, "दिलावर, आता थांबवा ते. माझ्या डोक्यात बसलं."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं की चोर चारही घरांत एकदम कसा घुसला.

"बोअरची तारीख," मी म्हणाले. "सगळीकडं मी तीच ठेवली होती. आणि दरवर्षी आपण ती फोटोखाली..."

वहिनी माझ्याकडं बघत राहिल्या. मग उठून, पदर सोडून, गुपचूप निघून गेल्या.

संध्याकाळी पुण्याहून रूथ आली, मावशीची लेक. रूथ आणि मी एका वयाच्या. ती पहिल्या बाकावरची, मी बाकाखाली मोटार उघडून बसणारी. आईच्या पायाशी बसून तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग माझ्याकडं वळली.

"अख्ख्या बोळाला एक किल्ली! राजी, तुला कळतं ना यातलं? तूच ना ती, सगळ्यांना यंत्रं लावून देणारी?"

"चुकलं माझं."

"चुकलं म्हणे! आज ते चाचा झोपले असते तर?"

तो ‘तर’ अजून माझ्या झोपेत येतो.

रूथ पुण्यात एकविसाव्या मजल्यावर राहते. तिच्या इमारतीत आजारी माणसांसाठी वेगळा मजला आहे. तिथली यंत्रं कंपनीची, पहारा कंपनीचा, नर्सही कंपनीच्या. खिडक्या उघडत नाहीत. ती आईला तिथं न्यायला आली होती. मावशी म्हणाली, "मला तिथं श्वास येईल गं, पण घेऊ कुणासाठी?" रूथच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यामुळं ती आणखी चिडली. शेवटी पाच आठवड्यांवर तडजोड झाली. "पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी येते. तोवर हॉस्पिटलचं दुसरं मशीन वापर. काय उपाय करायचा तो हिला करू दे. मी आले आणि मला भीती वाटली, तर तू गाडीत बसायचंस. मग वाद नाही."

मला वाटलं होतं, मावशी माझ्यावर रागावेल. ती म्हणाली, "पाच आठवडे आहेत. रडत बसलीस तर चारच उरतील."

पहिले दोन आठवडे मी नुसती भिंतीवर डोकं आपटत होते. कंपनीचं दार मोकळं झाल्यावर खरी प्रत आणून मावशीचं मशीन पुन्हा जोडलं, प्रत्येक यंत्राला वेगळा, लांबलचक आकडा दिला. हे म्हणजे दाराला नवं कुलूप. पण चोर आत शिरलाच, तर? मशीनचं इंटरनेट तोडूनही चालत नव्हतं, कारण मावशीचे आकडे रोज डॉक्टरांकडं जावे लागतात. एक दिवस गेले नाहीत तर मशीन अडून बसतं. म्हणजे दार उघडंच ठेवायचं होतं. चोर आला तर त्याला हाकलून खरी प्रत परत कुठून आणायची, हे अडलं होतं. माझ्याकडं ठेवावी, तर मीच बुडाले तर?

वहिनी माझ्याशी बोलत नव्हत्या. आणि एका सकाळी त्या हातात वाटी घेऊन दारात उभ्या. नजर माझ्या खांद्यावरून पलीकडं.

"माझं दही नासलं. विरजण दे."

मी वाटीत चमचाभर घातलं. काही तरी बोलायचं म्हणून म्हणाले, "घट्ट लागतंय सध्या."

"लागणारच. माझंच आहे ते. तुझ्या लग्नानंतर पहिलं विरजण मी दिलेलं तुला. दिलावरभाईंच्या बायकोला, ती होती तेव्हा, तू दिलंस, मावशीला तिनं. चारी घरांत माझंच दही आहे, म्हणून तर निवांत असते मी. एकाचं नासलं तर तिघांकडं असतंच."

वहिनी गेल्या. मी पातेलं तसंच उघडं ठेवून कामाला बसले. त्या दिवशी मांजरानं दही खाल्लं. मी त्या मांजराचेही आभार मानते, कारण माझ्याकडून झाकण घालायचं राहिलं तेवढ्याच वेळात सगळं सुचलं.

मी चार छोटे डबे केले, एकेका घराला एक. तारेनं एकमेकांना जोडलेले, इंटरनेटशी संबंध नाही. चारही डब्यांत मावशीच्या मशीनची खरी प्रत, पण कुलूपबंद. त्या कुलपाच्या किल्लीचे चार तुकडे केले. कुठलेही तीन जमले तर किल्ली पुरी होते, दोनच असले तर काहीही कळत नाही. ही युक्ती माझी नाही, गणितातली जुनी आहे. कागदावर एकच टिंब दिलं तर त्यातून हव्या तितक्या सरळ रेघा काढता येतात. दोन टिंबं दिली की रेघ एकच. तिथं दोन टिंबं लागतात, इथं वाकडी रेघ घेऊन तीन लावायची, एवढाच फरक. बारावीत मला हेच गणित नडलं होतं. तेव्हा कुणी विरजणाचं सांगितलं असतं तर पास झाले असते.

आणि किल्लीचा तुकडा डब्यातून आपोआप सुटत नाही. त्या त्या घरात माणसानं उभं राहून, अंगठ्यानं, मग तो कुणाचाही असो, चाळीस सेकंद बटण दाबून धरायचं. तिघांनी एकाच वेळी. परदेशातल्या चोरानं हे करायचं म्हटलं तर त्याला तीन अंगठे घेऊन मिरजेला यावं लागेल.

राहिलं एक. चोर आलाय हे कळायचं कसं? पडदा खोटं बोलतो हे आम्ही बघितलं होतं. पण यंत्राला जाणारी वीज खोटं बोलत नाही. झडप पलटली की तारेतला प्रवाह क्षणभर उचकतो. त्या उचक्यांचा ताल प्रोग्रॅम कितीही बदलला तरी लपवता येत नाही. मी मावशीच्या मशीनच्या तारेवर एक कान बसवला, ताल चुकला की लाल दिवा लावणारा. किती चुकला म्हणजे चुकला, हे ठरवायला चाचांना आठ दिवस शेजारी बसवलं. ते "आता" म्हणाले की मी खूण करायची. थोडक्यात, त्या कानात चाचांचाच कान आहे.

डबा घेऊन मी मगदूम वहिनींकडं गेले. चारातले तीन अंगठे लागणार. मी दिवसभर दुकानात, चाचा अधूनमधून दर्ग्यात सतारी घेऊन. वहिनींशिवाय जमणार नव्हतं.

"मला नको तुझा डबा," वहिनी दारातूनच म्हणाल्या. "पुन्हा काही घुसायचं घरात. आणि ऐकतो म्हणे तो."

"ऐकतो तो मावशीच्या मशीनपाशी आहे. हा बघा, उघडून दाखवते. याला कान नाही, इंटरनेट नाही. हा ठार बहिरा आहे."

"ठार?"

"एकदम ठार."

वहिनींनी आत वळून बघितलं. मगदूमभाऊ टीव्हीसमोर बसून होते.

"मग ठेव बाई. एक आहेच घरात, दुसऱ्याचं काय ओझं!" आणि मग, डबा हातात घेता घेता, माझ्याकडं नीट बघून म्हणाल्या, "तारीख मीच लिहायची दरवर्षी फोटोखाली. तुझ्या एकटीवर राग धरला, ते बरोबर नव्हतं."

घराला मी पुन्हा लोखंडी कुलूप लावलं आणि किल्ली मावशीच्या खिळ्यावर अडकवली. दुसऱ्या दिवशी तिथं दोन होत्या, आठवड्यानं तीन. मावशी येता जाता त्यांना हात लावायची.

शेवटच्या रविवारी रूथ दहा वाजताच आली. मावशीच्या मशीनजवळची तार बघितली, डबा बघितला, दारामागं बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"राजी! पुन्हा तोच खिळा? इतकं सगळं झाल्यावर?"

"ही किल्ली चोरायची तर चोराला तुझ्या आईच्या समोरून जावं लागेल. ती चहा विचारेल."

रूथ हसली नाही. आईची बॅग कुठं आहे ते विचारलं. मी मटण आणायला बाहेर पडले. जेवण तरी नीट घालावं, एवढंच आता माझ्या हातात आहे असं मला वाटत होतं. मटणाच्या दुकानात रविवारची रांग होती.

पुढचं मला तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितलं, त्यातलं जुळतं तेवढं लिहिते.

अकराच्या सुमाराला लाल दिवा लागला. या वेळी चोर खिडकीतून आला नव्हता. त्यानं कंपनीच्याच घरात शिरून, कंपनीच्याच सहीनं, मशीनची नवी आवृत्ती पाठवली होती. त्या दिवशी ती कितीतरी गावांत पोचली. पडद्यावर सगळं हिरवं होतं. त्र्याण्णव टक्के, उत्तम. भिंतीपलीकडून चाचा ओरडत आले, "सम गेली!" दिव्याच्या आधी की नंतर, यावर अजून वाद आहे. चाचा म्हणतात आधी.

रूथनं आईला सिलिंडर लावला आणि गाडीची किल्ली हातात घेतली. "बस्. चल, आई. आत्ताच्या आत्ता."

"पुण्यापर्यंत चाळीस मिनिटांत पोचशील?" मावशीनं विचारलं. "दिलावर, तुम्ही तुमच्या डब्याकडं जा. हा माझा, मी दाबते."

"दोनच झाले," चाचा म्हणाले. "मगदूम लग्नाला गेलेत. दार ओढून गेले, किल्ली बरोबर. राजी बाजारात."

मावशीनं मान वळवली. दारामागं बघितलं फक्त.

रूथ म्हणते, तिला माझी किल्ली ओळखू आली नाही. खिळ्यावर तिन्ही घरांच्या असायला हव्या होत्या, होत्या दोन. तिनं दोन्ही ओढून घेतल्या आणि अनवाणी पळाली. चाचांनी आपल्या डब्यापाशी उभं राहून पितळी ताट बडवलं, तीनदा, आणि "हां!" त्या "हां" वर तीन घरांत तीन अंगठे एकदम बटणांवर पडले.

मी मटणाची पिशवी घेऊन बोळात शिरले तेव्हा माझं दार सताड उघडं होतं. आधी मावशीकडं धावले. ती नळी लावून बसली होती, मशीन आपल्या तालात फुस्स फुस्स करत होतं, आणि तिनं दोन्ही हात उलटे करून माझ्यापुढं धरले. गुलाबी. मग तिनं हनुवटीनं माझ्या घराकडं खूण केली.

रूथ माझ्या स्वयंपाकघरात, फडताळापाशी, उभी होती. केस सुटलेले, पायांना धूळ. अंगठा बटणावर.

"राजी, किती वेळ दाबून धरायचं?"

"चाळीस सेकंद."

"वीस मिनिटं झाली."

"मग सोड की गं."

"सोडू? नक्की?"

तिला अंगठा उचलता येईना. मी तो धरून बाजूला केला. नख पांढरंफटक पडलं होतं, बटणाचा गोल वळ उमटला होता. मी तिथंच फरशीवर बसून तो अंगठा चोळत राहिले, आणि रूथ, जी पहिल्या बाकावर कधी रडली नाही, ती मटणाच्या पिशवीशेजारी बसून लहान पोरीसारखी रडली.

जेवताना तिनं बॅगेचा विषय काढला नाही. मावशीनं तिसऱ्यांदा भात घेतला, तेवढंच.

तेव्हा आभार मानायचे ते असे. पहिले चोराचे, तो शिरला नसता तर खिळा रिकामाच राहिला असता. चाचांच्या कानाचे. वहिनींच्या दह्याचे, आणि ज्यांना आजही काही ऐकू येत नाही त्या मगदूमभाऊंच्या घरात डब्याला मिळालेल्या जागेचे. मटणाच्या रांगेचे, कारण मी वेळेत पोचले असते तर बटण मीच दाबलं असतं आणि रूथ गाडीत बसून राहिली असती. आणि मावशीचे तर मानायचेच नाहीत. त्याला सुरुवात कुठून करायची तेच मला कळत नाही.

निघताना रूथ चारही डब्यांचे नकाशे घेऊन गेली. मी तिच्या मांडीवर स्टीलचा एक डबाही ठेवला, झाकण कापडानं बांधून. विरजण. एकविसाव्या मजल्यापर्यंत हिंदकळू देऊ नको म्हणाले.

आठ दिवसांनी तिचा फोन आला.

"राजी, माझ्या घरातल्या यंत्रांसाठी डबे केले मी. चालतायत. पण तीन अंगठे लागतात."

"लागणारच."

"माझ्या मजल्यावर आणखी तीन घरं आहेत. सहा वर्षं झाली, एकाचंही नाव माहीत नाही मला. सरळ जाऊन काय सांगू? माझा डबा घरात ठेवा म्हणून?"

"वाटी घेऊन जा. म्हणावं, विरजण संपलंय, चमचाभर द्या."

"अगं पण आहे की माझ्याकडं. तू दिलेलं. छान लागतंय."

"असू दे," मी म्हणाले. "तरी माग."